ज्यू व्हायचंय? मग आधी माणसं शोधा

ठाण्याला टेंभी नाक्याजवळ आमचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, १८७९ सालचं. शाआर हाशामाइम, म्हणजे स्वर्गाचं दार. वर्षातून चार-पाच वेळा तरी त्या दाराशी कुणीतरी अनोळखी येऊन उभं राहतं. पाठीला सॅक, हातात फोन, चेहऱ्यावर थोडा संकोच. पहारेकऱ्याशी बोलून झालं की मला हाक येते. बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मला ज्यू धर्म स्वीकारायचाय, फॉर्म कुठे मिळेल?"

फॉर्म नाही. असता तर सोपं झालं असतं. मी त्यांना बसवते, पाणी देते आणि जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. मी रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू नाही, शिकलेली धर्मशास्त्रीही नाही. जन्मानं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या जुन्या ज्यू समाजातली, घरची भाषा मराठी, आडनावाला कोकणातल्या गावाचा 'कर'. शेवटचा शब्द तुमच्या रब्बायचा. पण रब्बायपर्यंत पोहोचण्याआधी ज्या गोष्टी कळायला हव्यात आणि ज्या न कळल्यामुळे चांगल्या माणसांची दोन-तीन वर्षं वाया जाताना मी पाहिली आहेत, त्या सांगता येतील.

आधी दोन शब्द शिकून घ्या. ज्यू धर्मात येण्याच्या प्रक्रियेला हिब्रूत 'गियूर' म्हणतात. जो येतो तो 'गेर', जी येते ती 'गियोरेत'.

पायरी पहिली: खरंच गरज आहे का, ते पाहा

ज्यू धर्म प्रचार करत नाही. तुम्ही ज्यू झाला नाहीत तर देव तुमच्यावर रागावेल, असं आमचं कुठलंही शास्त्र सांगत नाही. सगळ्या माणसांसाठी जलप्रलयातून वाचलेल्या नोआहच्या वंशाला दिलेले सात नियम आहेत: मूर्तिपूजा नको, देवनिंदा नको, खून नको, व्यभिचार नको, चोरी नको, जिवंत प्राण्याचं मांस तोडून खाणं नको, आणि न्यायाची व्यवस्था हवी. हे पाळणारा माणूस आहे तिथे राहून नीतिमान असतो आणि येणाऱ्या जगात त्याचाही वाटा असतो. ज्यूंवर मात्र ६१३ आज्ञांचं ओझं. त्यामुळे रब्बाय तुम्हाला सर्वांत आधी हेच विचारणार की, बाबा रे, बाहेर राहूनही तू चांगला माणूस आहेसच, मग हे अंगावर का घेतोस?

या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे हवं. पाठ केलेलं नको, मनातलं हवं. काही जण तोरा, म्हणजे आमचा मूळ धर्मग्रंथ, वाचून येतात. काहींची आजी ज्यू होती असं घरात कुजबुजलं जायचं. काहींचं लग्न ठरलेलं असतं. काहींच्या मनात इस्राएलचा पासपोर्ट असतो, आणि तो मनात आहे हे समोरच्याला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. लग्नाचं कारण असेल तर लपवू नका. बरेच रब्बाय त्या कारणानं आलेल्यांनाही शिकवतात, फक्त लग्न मोडलं तरी तुम्ही शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळाल का, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगते, कारण महाराष्ट्रात हा गोंधळ मी अनेकदा पाहिला आहे. येशूवर श्रद्धा ठेवून हिब्रू प्रार्थना म्हणणाऱ्या, शोफार, म्हणजे शिंगाची तुतारी, वाजवणाऱ्या मंडळ्या आहेत. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्यांच्यामार्फत तुम्ही ज्यू होत नाही. कुठलाही ज्यू पंथ, परंपरानिष्ठ ऑर्थोडॉक्स असो वा उदारमतवादी रिफॉर्म, ते मान्य करत नाही.

आई ज्यू असेल तर मात्र गियूरचा प्रश्नच नाही, तुम्ही ज्यूच आहात. फक्त पुरावा गोळा करायचा. फक्त वडील ज्यू असतील तर अमेरिकेतल्या रिफॉर्म मंडळींत, तुम्ही ज्यू म्हणून वाढला असाल तर, चालतं. ऑर्थोडॉक्स आणि कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळींत गियूर लागतो.

पायरी दुसरी: घरापासून सुरुवात करा

रब्बाय मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. तोराचे पाच ग्रंथ वाचा. आठवड्याला एक भाग, असं ते वर्षभरात पूर्ण होतात आणि जगभरची सिनेगॉगं त्या आठवड्यात तोच भाग वाचत असतात. हिब्रू बाराखडी शिका. २२ अक्षरं आहेत, रोज अर्धा तास दिलात तर दोन-तीन महिन्यांत प्रार्थनेचं पुस्तक अडखळत का होईना वाचता येतं. सगळ्यात आधी 'शेमा इस्राएल', देव एकच असं सांगणारी प्रार्थना, पाठ करा. आमच्या पूर्वजांची गोष्ट अशी सांगतात की, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून ते आले तेव्हा पोथ्या गेल्या, हिब्रू विसरली, पण शेमा तोंडात राहिला. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं त्यांना 'शनवार तेली' नाव दिलं. शेमा आणि शनिवार, एवढ्याच शिदोरीवर पिढ्या गेल्या. तुम्हालाही सुरुवातीला एवढंच पुरेल.

शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताआधी लागतो आणि शनिवारी रात्री तारे दिसल्यावर सुटतो. सुरुवातीला फक्त शुक्रवारची रात्र धरा. मेणबत्त्या, स्वच्छ कपडे, घरचं जेवण, फोन बंद. इथे एक बारीक नियम आहे, जो नव्यांना कुणी सांगत नाही: गियूर होईपर्यंत ज्यू नसलेल्या माणसानं शब्बाथ पूर्णपणे पाळायचा नसतो. म्हणून शिकणारे जाणूनबुजून एखादं छोटं काम करतात, दिवा लावतात किंवा दोन शब्द लिहितात. नाउमेद करण्यासाठी हा नियम नाही. हा करार अजून तुमच्या नावावर झालेला नाही, एवढीच त्यामागची जाणीव.

स्वयंपाकघर मराठी माणसाला वाटतं तितकं अवघड नाही. डुक्कर नाही. मासळीत पर आणि खवले दोन्ही हवेत: पापलेट, सुरमई, रावस, बांगडा चालतात, कोळंबी, चिंबोरी, शेवंड, तिसऱ्या, माकूळ नाहीत. मांस आणि दूध एकत्र नाही, म्हणजे दह्यात मुरवलेलं मटण नाही आणि मटणाच्या जेवणानंतर बासुंदीही नाही. आमच्या आज्यांनी यावर कोकणी तोड काढली होती, नारळाचं दूध. मटणाचं कालवण नारळाच्या दुधात, रोश हाशानाचा, म्हणजे नववर्षाचा, चिकाचा हलवासुद्धा नारळाच्या दुधात. मांस कशेर, म्हणजे आमच्या खाण्याच्या नियमांत बसणाऱ्या, पद्धतीनं कापलेलं हवं, आणि ते भारतात सहज मिळत नाही. म्हणून बाहेर जेवताना आमच्यातले बरेच जण सरळ शाकाहारी मागवतात. तुम्हीही तेच करा. एकदम सगळी भांडी बदलायला जाऊ नका. सहा महिन्यांत सगळं करायला गेलेले सातव्या महिन्यात सोडून देताना मी पाहिले आहेत.

पायरी तिसरी: माणसं शोधा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक नेमकी हीच गाळतात. ते पुस्तकं वाचतात, व्हिडिओ पाहतात, हिब्रू शिकतात, आणि शब्बाथच्या रात्री एकटे जेवतात. ज्यू धर्मात बऱ्याच गोष्टी एकट्यानं होतच नाहीत. तोरा जाहीरपणे वाचायला दहा जण लागतात, मृतांसाठीची कद्दीश प्रार्थना म्हणायला दहा जण लागतात. बायबलमधल्या रूथनं सासू नाओमीला काय म्हटलं ते आठवा: तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव. आधी लोक, मग देव. हा क्रम उगाच आलेला नाही.

म्हणून स्वतःला विचारा, मी ज्या गावात राहतो किंवा राहायला जाणार आहे, तिथे शुक्रवारी संध्याकाळी मला जेवायला बोलावणारं एक तरी ज्यू घर आहे का? नसेल तर गियूरची चौकशी नंतर करा, आधी ते घर शोधा. ऑर्थोडॉक्स मार्गानं जाणार असाल तर आणखी एक अट येते. शब्बाथला वाहन चालत नाही, तेव्हा सिनेगॉग चालत जाण्याच्या अंतरावर हवं. पुण्यात नोकरी आणि घर वाघोलीला असेल, तर रास्ता पेठेतल्या सुक्कथ शेलोमोला किंवा कॅम्पातल्या ओहेल डेव्हिडला, म्हणजे आपल्या लाल देवळाला, शनिवारी चालत जाणं जमणार नाही. घर बदलावं लागेल. लोकांना ही अट विचित्र वाटते. मला वाटतं, सगळ्या प्रक्रियेतला सगळ्यात प्रामाणिक प्रश्न हाच आहे: तुम्ही आमच्या शेजारी राहायला याल का?

भारतात राहणाऱ्यांनी वस्तुस्थिती समजून घ्यावी. आम्ही सगळे मिळून जेमतेम पाच हजारांच्या आसपास उरलो आहोत आणि त्यातले बहुतेक मुंबई-ठाणे पट्ट्यात. परंपरेनं आमच्याकडे रब्बाय नसतात, प्रार्थना हज्जान, म्हणजे प्रार्थना गाणारे, चालवतात. गियूरसाठी नियमित बसणारं धर्मन्यायालय, म्हणजे बेथ दिन, भारतात नाही. त्यामुळे शिकणं इथे सुरू होऊ शकतं, पण शेवटच्या टप्प्यासाठी बहुतेकांना परदेशात मुक्काम करावा लागतो. न्यू जर्सी, लंडन, टोरांटो, मेलबर्न किंवा सिंगापूरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला हे खूपच सोपं जातं. तुम्ही आधीच तिथे असाल, तर परत भारतात येऊन गियूर करण्याचा विचार सोडून द्या.

पायरी चौथी: कोणतं दार, ते डोळे उघडे ठेवून ठरवा

ढोबळमानानं तीन दारं आहेत. ऑर्थोडॉक्स, कॉन्झर्व्हेटिव्ह (अमेरिकेबाहेर त्यालाच मासोर्ती म्हणतात) आणि रिफॉर्म. ऑर्थोडॉक्स मार्गात सगळ्या आज्ञा स्वीकारायच्या, प्रार्थनेत स्त्री-पुरुष वेगळे बसतात, तयारीला वर्ष ते तीन वर्षंही लागतात. कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळी शास्त्र मानतात पण त्याचा अर्थ काळानुसार लावतात. तिथे साधारण वर्षभर. रिफॉर्ममध्ये भर नीतीवर आणि व्यक्तीच्या विवेकावर. मुंबईतसुद्धा उदारमतवादी परंपरा जुनी आहे. डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ साली ज्युइश रिलिजस युनियन सुरू केली होती.

कोणतं दार खरं, हे मी सांगणार नाही. पण कुठलं दार कुठे उघडतं ते मात्र आधीच माहीत हवं. रिफॉर्मचा गियूर कॉन्झर्व्हेटिव्ह सिनेगॉग तपासून मानेल किंवा न मानेल. ऑर्थोडॉक्स मंडळी दोघांचाही मानत नाहीत. इस्राएलचा परतीचा कायदा, ज्यानं ज्यूंना तिथलं नागरिकत्व मिळतं, १९५० चा. त्यात १९७० साली ज्यू कोण याची व्याख्या आली: ज्यू आईच्या पोटी जन्मलेला किंवा गियूर केलेला, आणि दुसऱ्या धर्माचा नसलेला. परदेशात मान्यताप्राप्त ज्यू समाजात केलेला कुठल्याही पंथाचा गियूर नागरिकत्वासाठी चालतो. मार्च २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं इस्राएलमध्ये झालेले रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह गियूरही नागरिकत्वासाठी मान्य केले. पण तिथे ज्यूंची लग्नं मुख्य रब्बिनेटच्या, म्हणजे सरकारमान्य धर्मपीठाच्या, हाती आहेत आणि ते ऑर्थोडॉक्स गियूरच मानतं, त्यातही सगळ्यांचा नाही. म्हणजे एकाच माणसाला सरकारदरबारी ज्यू म्हणून ओळखपत्र मिळतं आणि लग्नाच्या खिडकीवर तो ज्यू नसतो. अशी माणसं खरोखर आहेत, थोडीथोडकी नाहीत. त्यामुळे सुरुवातीलाच विचारून घ्या: हे बेथ दिन कोणाकोणाला मान्य आहे? ऑर्थोडॉक्स मार्गानं जाणाऱ्या स्त्रीनं हेही जाणून असावं की, गियोरेतला कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातल्या पुरुषाशी लग्न करता येत नाही. प्रेमात पडण्याआधी कळलेलं बरं.

इंटरनेटवर पैसे भरून आठ-पंधरा दिवसांत प्रमाणपत्र देणारे लोक आहेत. त्या कागदाला कुठेच किंमत नाही. खऱ्या मार्गातही खर्च असतो: शिकवणी, पुस्तकं, बेथ दिनची फी, मिकवेची, म्हणजे विधीच्या स्नानकुंडाची, फी. आकडा पहिल्याच भेटीत विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण माणूस भेटण्याआधी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा.

पायरी पाचवी: रब्बाय 'नाही' म्हणेल, पुन्हा जा

नाओमीनं रूथला तीनदा परत जा म्हटलं, त्यावरून येणाऱ्याला तीनदा परतवण्याची रीत पडली. सगळेच रब्बाय असं करत नाहीत, पण ईमेलला उत्तर न येणं, 'सहा महिन्यांनी बघू' असं ऐकणं, हे घडतं. अपमान वाटून घेऊ नका. पत्र न लिहिता समोर जा, शनिवारी जा, दर शनिवारी जा. खुर्च्या उचलायला मदत करा. चार महिन्यांनी तुम्ही आला नाहीत की लोक विचारू लागतात, आज तो कुठाय? त्या दिवशी तुमचा अर्ज अर्धा मंजूर झाला असं समजा.

तल्मूद या आमच्या जुन्या शास्त्रचर्चेच्या ग्रंथातला यासंबंधीचा संवाद मला फार आवडतो. यायला निघालेल्याला विचारावं: का येतोस? हे लोक पीडलेले, दडपलेले, हाकललेले आहेत, तुला ठाऊक नाही का? तो म्हणाला, 'ठाऊक आहे, आणि मी त्यालाही पात्र नाही', तर त्याला लगेच घ्यावं. मग काही सोप्या आणि काही अवघड आज्ञा सांगाव्यात, पण फार लांबण लावू नये, फार काटेकोर होऊ नये. पहिला प्रश्न ज्ञानाचा नाही, देवाचाही नाही. आमच्या दुःखात वाटेकरी होशील का, हा आहे. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर आलेल्यांना आम्ही हा प्रश्न पुस्तकातून वाचून विचारत नाही. आमच्या फाटकाशी पोलीस २००८ च्या नरिमन हाऊसवरच्या हल्ल्यापासूनच आहेत.

पायरी सहावी: बेथ दिन आणि मिकवे

तयारी झाली असं रब्बायला वाटलं की तारीख मिळते. बेथ दिनमध्ये तिघे बसतात. विचारतात ते असं: शुक्रवारी दुपारी तुमच्या घरी काय काय चालतं? पेसाहला, म्हणजे घरात खमीर चालत नाही त्या सणाला, कपाटं कशी साफ केली? आईवडिलांना सांगितलंत का, ते काय म्हणाले? अमुक प्रार्थना वाचून दाखवा. घाबरून विसरलात तरी चालतं. खोटं बोललात तर चालत नाही.

पुरुषांची सुन्नत आधीच झालेली असावी लागते. प्रौढ वयात ती डॉक्टरकडून, भूल देऊन करतात. बरं व्हायला काही आठवडे लागतात, तेवढी रजा हाताशी ठेवा. वैद्यकीय कारणानं किंवा आधीच्या धर्मात सुन्नत झालेली असेल तर रक्ताचा एक थेंब काढून विधी पूर्ण करतात. काही रिफॉर्म मंडळींत सुन्नत आणि मिकवे या दोन्हींचा आग्रह नसतो.

मग मिकवे. नैसर्गिक पाण्याचं कुंड, ४० सेआ (एक जुनं माप) पाणी तरी हवंच. नदी आणि समुद्रही चालतात. अंगाला पाण्यापासून अडवणारं काही नको: दागिने, नेलपॉलिश, काँटॅक्ट लेन्स, मेंदीचा सुकलेला थर, सगळं काढायचं. केस विंचरून मोकळे. मंगळसूत्र, जानवं, काळा दोरा हेही उतरवावं लागतं, आणि पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी येतं ते इथे. स्त्रियांबरोबर पाण्यापाशी स्त्रीच असते. तिघे न्यायाधीश बाहेर किंवा पाठमोरे. पूर्ण बुडायचं, आशीर्वाद म्हणायचा. वर येता तेव्हा तुमचं नाव बदललेलं असतं: अमुक बेन अव्राहाम अविनू, अव्राहाम आमचा पिता, त्याचा मुलगा. स्त्री असेल तर बाथ. बऱ्याच ठिकाणी सारा इमेनू, आमची आई सारा, हेही जोडतात.

मुलांना बरोबर घेत असाल तर एक लक्षात ठेवा. लहानपणी गियूर झालेल्या मुलाला मोठं झाल्यावर, म्हणजे मुलाला १३ व्या आणि मुलीला १२ व्या वर्षी, नको म्हणायचा हक्क शास्त्रानं दिला आहे. तो हक्क त्यांना वेळेवर सांगा.

पायरी सातवी: कागद

बेथ दिनचं प्रमाणपत्र मूळ स्वरूपात, सह्यांसकट, दोन ठिकाणी ठेवा. तिन्ही न्यायाधीशांची नावं स्वच्छ अक्षरांत लिहून घ्या. वीस वर्षांनी मुलीच्या लग्नात लागतात.

भारतीय कायद्यात मात्र वकिलाला आधी भेटा, कारण इथे नुकसान खरंखुरं होऊ शकतं. काही राज्यांत धर्म बदलण्याआधी जिल्हा प्रशासनाला कळवावं लागतं. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेलं असेल तर एका जोडीदाराचं धर्मांतर हे दुसऱ्यासाठी घटस्फोटाचं कारण ठरू शकतं. हिंदू वारसा कायद्यात धर्मांतर करणाऱ्याचा स्वतःचा वाटा त्यामुळे जात नाही, पण धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांचा हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेवरचा वारसा जातो. अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. ज्यू झालात तर तो राहत नाही. अनुसूचित जमातीला ही अट नाही. ज्यूंचा वारसा १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानं चालतो. २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण तेवढ्यासाठी कुणी येऊ नये.

एकटे नसाल, गावच्या गाव निघालं असेल तर

कधीकधी एक माणूस येत नाही, अख्खा गट येतो. जगात गेल्या शंभर वर्षांत असे कितीतरी समाज उभे राहिले, आणि त्यांच्या वाटचालीतून एकट्या माणसालाही शिकण्यासारखं आहे.

इटलीच्या दक्षिणेला सान निकांद्रो नावाचं गाव. तिथला दोनातो मांदुझियो हा पहिल्या महायुद्धातून पांगळा होऊन परतलेला शेतकरी. १९३० च्या सुमारास त्याच्या हाती बायबल आलं, त्याला दृष्टांत झाला, आणि ज्यू कधीच नामशेष झाले असं समजून त्यानं शेजाऱ्यांसह मोशेचा धर्म पाळायला सुरुवात केली. मग एका फिरत्या विक्रेत्याकडून कळलं की, अरे, रोममध्ये ज्यू आहेत, जिवंत आहेत! त्यानं पत्रं लिहिली. तिकडे कुणाचा विश्वास बसेना. आणि हा काळ मुसोलिनीचा, १९३८ च्या ज्यूविरोधी कायद्यांचा. ज्यू असलेल्यांनाही ओळख लपवावीशी वाटत होती, तेव्हा ही माणसं आम्हाला ज्यू म्हणा म्हणत होती. १९४६ साली त्यांचा गियूर झाला. मांदुझियो १९४८ मध्ये वारला, त्याचे बहुतेक सोबती १९४९ साली इस्राएलला गेले.

युगांडात म्बालेजवळचे अबायुदाया, लुगांडा भाषेत 'यहूदाचे लोक'. सेमेई काकुंगुलू हा तिथला सरदार. ब्रिटिशांशी बिनसलं, बायबल वाचता वाचता तो मोशेच्या आज्ञांपाशी थांबला आणि १९१९ साली त्यानं स्वतःची आणि मुलांची सुन्नत केली. पुढे तिकडून जाणाऱ्या योसेफ नावाच्या एका ज्यू माणसानं त्यांना पंचांग आणि कशेरचे नियम शिकवले. इदी अमीनच्या राज्यात ज्यू धर्म पाळायला बंदी आली; पुष्कळांनी धर्म सोडला, काहीशे उरले. २००२ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह रब्बायांचं बेथ दिन तिथे जाऊन बसलं आणि सुमारे ४०० जणांचा गियूर झाला. ८० वर्षं पाळल्यावर! त्यांच्यातला गेर्शोम सिझोमू २००८ साली लॉस एंजेलिसमध्ये शिकून रब्बाय झाला. त्यांच्या प्रार्थना आफ्रिकी चालींवर आहेत, जशा आमच्या मराठी कीर्तनाच्या.

पेरूत त्रुहियोजवळ सेगुंदो व्हियानुएवा या कॅथलिक घरातल्या माणसानं अशीच वाट काढली, आणि १९९० च्या सुमारास त्याचे लोक गियूर करून इस्राएलला पोहोचले. मादागास्करला मे २०१६ मध्ये १२१ जणांनी नदीत बुडी घेऊन गियूर केला. आपल्याकडे मणिपूर-मिझोरमचे ब्नेई मेनाशे. मेनाशेच्या हरवलेल्या वंशाचे आपण, अशी त्यांची धारणा. २००५ साली मुख्य रब्बाय श्लोमो अमार यांनी त्यांना इस्राएलचे वंशज मानलं, पण गियूरची अट ठेवली. भारत सरकारनं इथे सामुदायिक धर्मांतराला हरकत घेतल्यावर तो विधी इस्राएलमध्ये पोहोचल्यावर होऊ लागला.

या सगळ्यांची सुरुवात पुस्तकानं झाली, पण पुढचं पाऊल पडलं ते एक जिवंत ज्यू माणूस भेटल्यावर: फेरीवाला, वाटसरू, पाहुणा रब्बाय. म्हणून तुमचा गट असेल तर पहिल्या दिवसापासून जवळच्या जुन्या ज्यू समाजाशी संबंध ठेवा, तो हात आखडता घेत असला तरी. स्वतःला जन्मजात ज्यू म्हणवून पूर्वजांच्या कथा सिद्ध करण्यात वर्षं घालवू नका. कथा जपा, गियूर घ्या, दोन्ही करता येतं. आणि एकाच नेत्याच्या हाती सगळ्यांचे कागद आणि पैसे देऊ नका.

जुन्या समाजातल्या माझ्या लोकांनाही मला इथे काही सांगायचं आहे. फेब्रुवारी १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बिनेटनं लग्नाच्या वेळी बेने इस्राएलांच्या पूर्वजांची पिढ्यान् पिढ्या चौकशी करण्याचे आदेश काढले. शेमा आणि शनिवार जपलेल्या लोकांना विचारलं गेलं, तुमची पणजी नक्की कोण? आमची माणसं जेरुसलेममध्ये निदर्शनांना बसली. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटनं, म्हणजे इस्राएलच्या संसदेनं, ठरावानं सांगितलं की, बेने इस्राएल सर्वार्थानं ज्यू आहेत, आणि रब्बिनेटनं आदेशातून आमचं नाव काढलं. ही गोष्ट आमच्या घरांत अजून सांगितली जाते. ती सांगणाऱ्यांनी फाटकाशी आलेल्या पोराला 'तू खरा ज्यू कसा होणार' असं म्हणू नये. गेरला त्याच्या आधीच्या आयुष्याची आठवण करून टोचणं तल्मूदनं मना केलं आहे. ओवाद्या नावाच्या एका गेरनं मध्ययुगातला थोर रब्बाय माइमोनिदीस याला विचारलं होतं, मी प्रार्थनेत 'आमच्या पूर्वजांचा देव' म्हणू शकतो का? उत्तर आलं: म्हण, काहीही न बदलता म्हण, अव्राहाम तुझाही पिता आहे.

घरचे

आईवडिलांना कधी सांगायचं? बेथ दिनच्या आधी, नक्की. आणि पहिल्यांदा सांगताना गणपतीत नको. गेरवर जन्मदात्यांचा आदर करण्याचं बंधन तसंच राहतं. नवा पिता अव्राहाम मिळाला म्हणून ठाण्यातला बाबा परका होत नाही. आरतीला उभं राहता येणार नाही, नैवेद्याचा मोदक खाता येणार नाही, हे खरं आहे आणि ते दुखणार, तुम्हाला आणि आईला. पण त्याच दिवशी सकाळी बाजारातून भाजी आणून देता येते, भावाच्या मुलांना फिरवून आणता येतं, दुसऱ्या दिवशी जेवायला जाता येतं. दिवाळीचा फराळ नैवेद्याला लावण्याआधी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेव, असं आईला सांगा. आया हे करतात. एका मुलीच्या आईनं तिच्यासाठी वेगळी कढई आणून ठेवली होती, वर्षभर भांडल्यानंतर.

पहिल्या शुक्रवारी येताना

आधी फोन करा. अचानक आलात तर पहारेकरी सोडणार नाही, आणि त्याला दोष देऊ नका. ओळखपत्र आणा. सॅक मोठी नको. पुरुषांना टोपी लागते, नसेल तर दारात मिळते. स्त्रियांनी खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घालावेत. फोटो काढू नका, शब्बाथ लागल्यावर फोन खिशातून बाहेर काढू नका, पेन काढून टिपणं घेऊ नका. कुठल्या पानावर आहोत हे कळलं नाही तर शेजाऱ्याला विचारा, तो बोट ठेवून दाखवेल. सगळे उभे राहिले की उभे राहा. प्रार्थनेनंतर लगेच निघू नका. किद्दुश, म्हणजे पेल्यावरचा शब्बाथचा आशीर्वाद, होतो, काळ्या मनुका भिजवून केलेल्या सरबताचे छोटे पेले फिरतात, आणि कुणीतरी मावशी तुम्हाला विचारते, "कुठून आलास रे? जेवलास का?"